वाचनमात्र धागा: ई-मेल गटातले कुलूप नेमके कशाला लागते?

गेल्या श्रावणात शिरपूरहून नानांचा फोन आला. नाना निवृत्त शिक्षक आहेत आणि खान्देशातील अहिराणी बोलीच्या शब्दांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या ई-मेल गटाचे जुने सदस्य आहेत. कानबाई या खान्देशातील देवीच्या सणात, रोटांचे दळण काढण्यापासून ते विसर्जनापर्यंत घरोघरी जे शब्द वापरले जातात त्यांची एक यादी सर्वांनी मिळून करावी, असा सविस्तर संदेश त्यांनी गटाला पाठवला होता, आणि दोन मिनिटांच्या आत त्यांना यंत्राचे उत्तर मिळाले होते की हा धागा वाचनमात्र केलेला असल्यामुळे आपला संदेश स्वीकारता येत नाही. "भाऊ, मन्हं काय चुकनं?" असे त्यांनी विचारले, आणि त्या आवाजात राग नव्हता, संकोच होता. वर्गात उभे राहून तीस-पस्तीस वर्षे शिकवलेल्या माणसाला आपण नकळत काही तरी आगळीक केली असे वाटावे, हे मला फार लागले.

वाचनमात्र केलेला तो धागा, म्हणजे एका विषयावरील पत्रांची मालिका, गटचालक या नात्याने मीच आठवडाभरापूर्वी बंद केला होता: तो वाचता येत होता, पण त्यात नवे लिहिता येत नव्हते. पूर्व खान्देशातील लेवा गणबोली कुठे संपते आणि अहिराणी कुठे सुरू होते, या प्रश्नावर सुरू झालेली ती चर्चा शब्दांवरून माणसांवर घसरली होती. पण नानांनी त्या वादात एक ओळही लिहिलेली नव्हती. त्यांचा विषय वेगळा होता, मजकूर वेगळा होता, शीर्षकही वेगळे होते. मग तिथले कुलूप त्यांच्या संदेशाला कसे लागले? याचे उत्तर अर्ध्या मिनिटात देता येत नाही, कारण ते ई-मेलच्या अशा एका भागात दडलेले आहे जो आपल्याला कधी दिसत नाही. ते उत्तर नानांना फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी ई-मेल गट म्हणजे काय ते पाहू. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये सगळे सदस्य एकाच ओट्यावर बसल्यासारखे असतात. ॲडमिनने "फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील" अशी मुभा बदलली की त्या क्षणी बाकी सर्वांची लिहिण्याची जागाच नाहीशी होते. ई-मेल गटाची रचना याहून अगदी निराळी असते. तिथे गटाचा एक सामायिक पत्ता असतो. त्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र आधी गटाच्या सर्व्हरवर येते, तिथे त्याची तपासणी होते, आणि मग जितके सदस्य तितक्या त्याच्या प्रती निघून प्रत्येक सदस्याच्या स्वतःच्या टपालपेटीत जाऊन पडतात. एक प्रत गटाच्या संग्रहात राहते. म्हणजे गटाचा सर्व्हर ही गावाची वेस आहे असे समजावे. आत येणारे प्रत्येक पत्र वेशीतून येते आणि तिथूनच घराघरांत वाटले जाते. मात्र घराघरांतील लोक एकमेकांना परस्पर पत्रे लिहू शकतात, आणि त्या पत्रांना वेशीतून जावे लागत नाही. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

ही व्यवस्था बरीच जुनी आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये दोन संगणकांमध्ये पत्र पाठवताना नाव आणि संगणक यांच्यामध्ये '@' हे चिन्ह वापरले, आणि १९८६ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमस यांनी लिस्टसर्व्ह हा संगणकीय कार्यक्रम लिहिल्यानंतर गटाची सदस्यता, वाटप आणि संग्रह ही कामे माणसाच्या मदतीशिवाय होऊ लागली. पुढे याहू ग्रुप्समुळे ही सोय सामान्य माणसाच्या हातात आली. ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी कायमची बंद झाली, तेव्हा अनेक गट गुगल ग्रुप्स किंवा ग्रुप्स डॉट आयओ यांसारख्या सेवांकडे गेले. शब्दसंग्रहासारख्या कामाला ई-मेल गट आजही सोयीचा वाटतो, कारण इथे माणूस सावकाश, दीर्घ लिहितो आणि पाच वर्षांपूर्वीची नोंद शोधली तर सापडते.

आता धाग्याकडे येऊ. मराठी संकेतस्थळांवर वावरणाऱ्या वाचकांना 'धागा' हा शब्द परिचयाचा आहे: एक मूळ लेख आणि त्याखाली आलेले प्रतिसाद. संकेतस्थळावर हे सोपे असते, कारण प्रतिसाद त्या पानावरच लिहिला जातो आणि तो कोणत्या लेखाचा आहे याविषयी शंका उरत नाही. ई-मेलमध्ये असे पान नसते. तिथे प्रत्येक संदेश हे एक सुटे पत्र असते. नंदुरबारहून एक पत्र निघते, त्याला उत्तर म्हणून सुरतेहून दुसरे निघते, त्या उत्तराला पुण्याहून तिसरे. ही तीन पत्रे एकाच बोलण्यातील आहेत हे यंत्राला कसे कळावे?

यासाठी प्रत्येक ई-मेलला पाठवण्याच्या वेळीच एक ओळख क्रमांक चिकटवला जातो. त्याला मेसेज-आयडी म्हणतात. त्याचे रूप ई-मेलच्या पत्त्यासारखेच असते, म्हणजे मधोमध '@' हे चिन्ह, डावीकडे अक्षरे आणि अंक यांची लांबलचक सरमिसळ आणि उजवीकडे बहुधा पाठवणाऱ्या सर्व्हरचे नाव. आणि तो जगातील दुसऱ्या कोणत्याही संदेशाला मिळू नये अशी अपेक्षा असते. बाजार समितीत माल उतरल्यावर प्रत्येक गाडीला जशी पावती मिळते आणि त्या पावतीवरचा क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळत नाही, तसाच हा प्रकार. आपण एखाद्या संदेशाखालील 'रिप्लाय' हे बटण दाबतो तेव्हा आपला ई-मेल कार्यक्रम आपल्याला न विचारता नव्या पत्रावर आणखी दोन ओळी लिहून ठेवतो. पहिली ओळ इन-रिप्लाय-टू या नावाची, आणि तिच्यात आपण ज्या पत्राला उत्तर देत आहोत त्याचा पावती क्रमांक असतो. दुसरी ओळ रेफरन्सेस या नावाची, आणि तिच्यात त्या पत्राच्या आधीच्या पत्रांचे क्रमांक ओळीने मांडलेले असतात, म्हणजे जणू त्या पत्राची वंशावळच. या ओळींची नावे १९८२ च्या 'आरएफसी ८२२' या ई-मेलच्या नियमपत्रात आहेत आणि २००८ च्या 'आरएफसी ५३२२' मध्येही ती तशीच कायम आहेत.

कुणाला हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर संगणकावर जीमेल उघडून कोणत्याही संदेशाच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर दाबावे आणि मूळ संदेश दाखवणारा पर्याय निवडावा. पत्राचा नेहमीचा चेहरा बाजूला होऊन त्याची पाठ दिसू लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मजकूर भयंकर वाटतो, पण त्यात मेसेज-आयडी ही ओळ शोधली आणि मग त्याच संदेशाला आलेले उत्तर उघडून त्यातील इन-रिप्लाय-टू ही ओळ शोधली की दोन्हीकडे हुबेहूब तोच क्रमांक दिसतो. धागा म्हणतात तो एवढाच. मी हे आमच्या गटातील काही जणांना घरी बोलावून दाखवले, आणि त्यानंतर त्यांना कुलपाविषयी फारसे समजावून सांगावे लागले नाही.

प्रत्येक सेवा केवळ या क्रमांकावर विसंबते असे मात्र नाही. काही सेवा शीर्षकही पाहतात. उत्तराच्या शीर्षकाआधी जे 'आरई' लागते ते मूळचे लॅटिन आहे, आणि शीर्षके जुळवताना यंत्र ते बाजूला काढून उरलेले शब्द ताडून पाहते. परंतु जर्मन भाषेतील कार्यक्रम त्या जागी 'एडब्ल्यू' लिहितात, स्वीडिश कार्यक्रम 'एसव्ही' लिहितात, आणि यंत्राला ही सगळी रूपे ठाऊक नसली तर एकच चर्चा दोन ठिकाणी फुटते. जीमेल शीर्षक बदलले की नवी चर्चा धरते, आणि एका चर्चेत शंभरांहून अधिक संदेश झाले तरीही तिचा पुढचा भाग वेगळा दाखवते. त्यामुळे गटाच्या सर्व्हरच्या दृष्टीने एकच असलेला धागा सदस्याच्या टपालपेटीत दोन तुकड्यांत दिसू शकतो, आणि सदस्याला वाटते की दुसरा तुकडा उघडाच आहे. तो तिथे उत्तर लिहितो आणि ते परत येते. गटचालकाने आपल्यावरच पाळत ठेवली आहे असा गैरसमज इथूनच सुरू होतो.

कुलूप म्हणजे काय, हे आता सांगता येईल. गटचालक एखादा धागा वाचनमात्र करतो तेव्हा सर्व्हरवरील नोंदवहीत त्या धाग्यासमोर एक खूण होते, बाकी काहीही होत नाही. जुने संदेश पुसले जात नाहीत. कोणत्याही सदस्याचे नाव गटातून निघत नाही, कुणाच्या लिहिण्याच्या हक्कावर गदा येत नाही. संग्रहात जाऊन तो धागा पूर्वीसारखाच वाचता येतो. फरक पडतो तो यापुढे वेशीवर येणाऱ्या पत्रांना. पत्र आले की सर्व्हर आधी पाहतो की पाठवणारा सदस्य आहे का, त्याला लिहिण्याची परवानगी आहे का, पत्राचा आकार मर्यादेत आहे का. मग पत्राची पाठ पाहून ते कोणत्या धाग्यातील आहे हे ठरवतो, आणि त्या धाग्यासमोर कुलपाची खूण असली तर पत्राच्या प्रती काढत नाही. पत्र कुणी लिहिले आणि त्यात काय लिहिले याचा कुलपाशी संबंध नसतो. शिवीगाळ करणारे पत्र आणि माफी मागणारे पत्र, दोन्ही एकाच कारणाने परत जातात.

हे कुलूप वेशीला असते, घरांना नसते, आणि गटचालकांना याची जाणीव सर्वांत कमी असते असे माझे मत झाले आहे. धागा बंद झाला त्या क्षणापर्यंत जेवढ्या प्रती वाटल्या गेल्या, त्या सदस्यांच्या टपालपेटीत आहेत आणि तिथून त्या परत बोलावता येत नाहीत. एखाद्या सदस्याने गटाला न लिहिता थेट त्या लेखकालाच उत्तर दिले, तर ते पत्र वेशीतून जातच नाही, म्हणून त्याला कुलूप अडवू शकत नाही. याहून नाजूक प्रकार 'रिप्लाय ऑल'चा आहे. समजा चर्चेच्या ओघात कुणी तरी गटाच्या पत्त्याबरोबरच धुळ्याच्या दोन आणि चाळीसगावच्या एका सदस्याचा स्वतंत्र पत्ताही घातला आहे. त्या पत्राला सर्वांना उद्देशून उत्तर दिले की गटाकडे जाणारी प्रत वेशीवर अडते, परंतु त्या तिघांकडे जाणाऱ्या प्रती सरळ पोहोचतात. ते तिघे पुन्हा तसेच उत्तर देतात. गटाच्या दृष्टीने चर्चा थांबलेली असते, आणि प्रत्यक्षात ती चार घरांत अधिक कडवट होऊन चालूच असते. लेवा-अहिराणीच्या त्या वादात नेमके हेच झाले. मला ते पंधरा दिवसांनी कळले, तेही त्यांच्यातील एकाने मन मोकळे केले म्हणून.

वेळेचाही एक घोळ आहे. ई-मेल हे टेलिफोनवरील बोलण्यासारखे नाही. ते थांबत थांबत जाणारे टपाल आहे. पुढचा सर्व्हर तात्पुरता बंद असला तर आधीचा सर्व्हर पत्र स्वतःकडे ठेवून काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, आणि टपाल पोहोचवण्याविषयीच्या नियमपत्राची शिफारस अशी आहे की दोन प्रयत्नांमध्ये निदान ३० मिनिटे जाऊ द्यावीत आणि चार-पाच दिवसांपर्यंत आशा सोडू नये. त्यात सातपुड्यातील आपल्या भागाची भर घालावी. धडगाव-अक्कलकुव्याकडील पाड्यांवर राहणारा सदस्य रात्री पत्र लिहितो, रेंज नसल्यामुळे ते फोनमध्येच 'आउटबॉक्स'मध्ये पडून राहते, आणि दोन दिवसांनी तो बाजाराला खाली उतरतो तेव्हा निघते. त्याने लिहिले तेव्हा धागा उघडा होता. पोहोचले तेव्हा बंद. सर्व्हर लिहिण्याची वेळ पाहत नाही, पोहोचण्याची वेळ पाहतो. अशा माणसाला "तुम्हाला सूचना दिसली नाही का?" असे विचारणे अन्यायाचे आहे, कारण त्याने लिहिले तेव्हा सूचना नव्हतीच. याच जातीचा दुसरा प्रश्न एकत्रित टपालाचा. अनेक ज्येष्ठ सदस्य दिवसभराचे सर्व संदेश एकाच पत्रात मागवतात. त्यांना कुलपाची बातमी दुसऱ्या दिवशी कळते. शिवाय त्या एकत्रित पत्राला त्यांनी थेट उत्तर दिले तर त्यावर मूळ संदेशाचा क्रमांक नसतो, त्या गठ्ठ्याचा असतो, आणि म्हणून त्यांचे उत्तर कोणत्याच धाग्यात बसत नाही.

पत्र नाकारले गेले हे पाठवणाऱ्याला कळते का? बहुतेक वेळा कळते. सर्व्हर त्याला एक छोटे उत्तर पाठवतो. पण ते उत्तर यंत्राने लिहिलेले असल्यामुळे कधी 'स्पॅम'मध्ये जाते, आणि मग त्या सदस्याला वाटते की आपले पत्र सर्वांनी वाचूनही कुणी दखल घेतली नाही. हा समज नकारापेक्षा वाईट. म्हणून माझी सर्व गटचालकांना कळकळीची विनंती आहे की नकाराच्या त्या उत्तराचा मजकूर सेवेकडून येतो तसाच ठेवू नये. बदलण्याची सोय असेल तर तो स्वच्छ मराठीत लिहावा, कोणता धागा बंद आहे, केव्हापासून, आणि नवीन विषय कसा सुरू करावा, हे त्यात सांगावे.

आता नानांकडे परत येतो. नानांनी रोटांविषयीचा संदेश लिहिताना गटाचा पत्ता आठवून टाइप केला नव्हता. त्यांनी आपल्या टपालपेटीत गटाकडून आलेले शेवटचे पत्र उघडले, 'रिप्लाय' दाबले, खालचा जुना मजकूर काळजीपूर्वक पुसला, शीर्षकही पुसून तिथे 'कानबाईचे रोट' असे लिहिले, आणि आपला प्रश्न लिहून पाठवून दिला. पत्ता आयता मिळावा म्हणून आपण सगळेच असे करतो. त्यांच्या डोळ्यांना ते पूर्ण नवे पत्र दिसत होते. परंतु पाठीवरची इन-रिप्लाय-टू ही ओळ त्यांनी पुसलेली नव्हती, कारण ती त्यांना दिसतच नव्हती. आणि तिच्यात त्या बंद धाग्यातील शेवटच्या पत्राचा क्रमांक होता. आमचा गट ज्या सेवेवर आहे ती धागा ठरवताना त्या ओळीला महत्त्व देते. शीर्षक बदलले की नवा धागा धरणाऱ्या सेवेवर नानांचा संदेश सुखरूप गेला असता. वेशीवरच्या पहारेकऱ्याने पावती पाहिली, पत्र परत केले. नानांचे काहीही चुकले नव्हते.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला बंद धाग्यातील वाद पुढे रेटायचाच आहे, त्याने 'कंपोज' दाबून कोरे पत्र घेतले, गटाचा पत्ता हाताने लिहिला आणि तोच मजकूर, अगदी तेच शीर्षक देऊन पाठवला, तर केवळ क्रमांक पाहणाऱ्या सेवेला ते नवे पत्र वाटते आणि ते आत येते. म्हणजे कुलूप सज्जनाला अडवू शकते आणि हट्टी माणसाला सोडू शकते. हे कळल्यावर मी बराच अस्वस्थ झालो होतो. पण नंतर लक्षात आले की कुलूप हे माणसाला रोखण्याचे साधन नाहीच. हट्टी माणसासाठी वेगळी सोय असते: त्याच्या एकट्याच्या पत्रांना गटचालकाच्या मंजुरीवर ठेवता येते. ती दोन साधने एकमेकांच्या जागी वापरली की गोंधळ होतो.

जुन्या पद्धतीच्या अनेक गटांत एका धाग्यापुरते कुलूप घालण्याची सोय नसते. तिथे चालकापुढे दोन मार्ग असतात. एक, सगळा गटच काही दिवस मंजुरीवर ठेवायचा, म्हणजे आलेले प्रत्येक पत्र चालकाने वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही. दुसरा, शीर्षकातील विशिष्ट शब्दावर चाळणी लावायची. मराठी गटांनी हा दुसरा मार्ग वापरण्याआधी दहादा विचार करावा. 'बोली' या शब्दावर चाळणी लावली की बोलीभाषेच्या वादाबरोबरच केळीच्या लिलावातील बोलीचे शब्द विचारणारे रावेरच्या शेतकऱ्याचे पत्रही अडते. 'खान्देश' यावर चाळणी लावली तर 'खानदेश' आणि 'खांदेश' असे लिहिणारे सुटतात, आणि आपल्याकडे ही तिन्ही रूपे सर्रास चालतात. त्याहून खोल अडचण लिपीची आहे. ई-मेलचे शीर्षक मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी आखलेले होते. इतर लिप्यांतील शीर्षके कशी न्यावीत हे नियमाने ठरले, आणि १९९६ च्या 'आरएफसी २०४७' मध्ये त्याचे आजचे रूप दिसते: देवनागरी शब्दाचे इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांच्या एका सांकेतिक ओळीत रूपांतर होते, तशी ती प्रवास करते, आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर पुन्हा देवनागरी होते. चाळणी जर ती सांकेतिक ओळच पाहत असेल तर तिला 'बोली' हा शब्द कुठेच दिसत नाही, आणि चालक आपल्या चाळणीवर विसंबून निर्धास्त झोपलेला असतो. क्रमांकावर आधारलेले कुलूप, त्याच्या सर्व मर्यादा धरूनही, मराठीसाठी म्हणूनच मला अधिक भरवशाचे वाटते. त्याला भाषा कळण्याची गरज पडत नाही.

कुलपाचा उपयोग फक्त भांडणासाठी होतो असा एक समज आहे. माझा अनुभव असा की त्याचा खरा उपयोग निकाली निघालेल्या कामात होतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आम्ही एक छोटा मेळावा घेतो. त्याची तारीख आणि ठिकाण ठरेपर्यंत धागा उघडा असतो, आणि ठरल्यावर शेवटचे पत्र निर्णयाचे लिहून तो वाचनमात्र करतो. नंतर येणाऱ्याला ६० पत्रे चाळावी लागत नाहीत. शेवटचे उघडले की पुरे. शब्दांच्या नोंदींचेही तसेच. एखाद्या शब्दाचा अर्थ, तो कोणत्या तालुक्यात बोलला जातो, उच्चारात काय फरक आहे, यावर सहमती झाली की ती नोंद संग्रहात स्थिर होते. अशा कुलपाविषयी आजवर कुणीही तक्रार केलेली नाही.

भांडणाच्या वेळचे कुलूप मात्र जपून लावावे लागते, आणि ते मी जपून लावले नव्हते. त्या रात्री साडेअकराला मी संतापलो होतो. कोणतीही पूर्वसूचना न देता, शेवटचे पत्र न लिहिता धागा बंद केला. दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या एका मावशींचे पत्र परत गेले. त्या कुणाच्याही बाजूच्या नव्हत्या. त्यांनी आपल्या माहेरच्या आणि सासरच्या गावांतील स्वयंपाकघरातील शब्द दोन रकान्यांत मांडले होते, फोनवर, एका बोटाने, तीन दुपारी बसून. चर्चेत एवढ्या दिवसांत आलेला खरा पुरावा तो एकच होता, आणि माझ्या कुलपाने तो बाहेर ठेवला. पत्र परत आल्यावर सगळी मेहनत वाया गेली असे त्यांना वाटले आणि त्यांनी कुणाला सांगितलेही नाही.

सुदैवाने नाकारलेले पत्र नष्ट होत नाही. पाठवणाऱ्याच्या 'सेंट' या कप्प्यात त्याची प्रत राहते, कारण ती प्रत वेशीवर जाण्याआधीच घरी ठेवलेली असते. नानांच्या फोननंतर मी त्या आठवड्यात परत गेलेल्या सर्व पत्रांची यादी काढली तेव्हा मावशींचे नाव दिसले. त्यांना फोन करून तो कप्पा उघडायला सांगितले. त्यांची सून शेजारी बसली होती. तिने तो मजकूर उचलून कोऱ्या पत्रात घातला, वर गटाचा पत्ता लिहिला आणि 'माहेरचे शब्द, सासरचे शब्द' असे शीर्षक दिले.

त्यानंतर धागा बंद करण्याची आमची रीत बदलली. बंद करण्याच्या किमान दोन दिवस आधी त्याच धाग्यात सूचना जाते, म्हणजे एकत्रित टपाल घेणाऱ्यांनाही ती मिळते. बंद करताना शेवटचे पत्र चालकाचे असते, आणि त्यात कारण, तारीख आणि पुढे कुठे लिहावे हे असते. चर्चा मुद्द्याची असून केवळ तापलेली असेल तर आम्ही कुलूप ठरावीक मुदतीचे ठेवतो. मुदत संपली की खूण काढली जाते, आणि धागा तुटलेला नसल्यामुळे जुन्या पत्राला दिलेले नवे उत्तर त्याच वंशावळीत जाऊन बसते. महिना गेला काय आणि वर्ष गेले काय, पावती क्रमांक बदलत नाही. लेवा-अहिराणीचा तो धागा आम्ही दिवाळीनंतर उघडला. पहिले पत्र धुळ्याच्या त्याच सदस्याचे आले, ज्यांचा आवाज सर्वांत चढला होता, आणि त्यात त्यांनी मावशींच्या यादीतील ११ शब्दांविषयी प्रश्न विचारले होते.

नानांना मी फोनवरच सांगितले की 'कंपोज' दाबा, कोरे पत्र घ्या, पत्ता नव्याने लिहा आणि मजकूर त्यात उतरवा. त्यांनी तसे केले. कानबाईच्या रोटांचा धागा अजून उघडा आहे, आणि त्यात परवाच साक्रीहून दोन शब्द आले.